न धरलेला उपास

“आज तुझ्या न्याहारीची खटपट नाही, बाई. आज आपल्याला पाणीसुद्धा नाही!” मावशी उंबऱ्यात उभी राहून हसत म्हणाली, आणि मी मान हलवून “हो” म्हणाले.

माझी चूक झाली ती तिथं.

हरतालिकेचा दिवस होता. साल एकोणीसशे सदुसष्ट. मी एकवीस वर्षांची होते आणि गेले तीन दिवस एकटी सायकलवरून हिंडत होते. विट्याहून निघून सांगोला, मग मंगळवेढा, आणि तिथून जतच्या अलीकडचं हे मावशीचं खेडं. आता चौथा आणि शेवटचा दिवस. पन्नास मैल तोडले की घर.

हे हिंडणं हौसेचं नव्हतं. विट्याच्या पेठेत आमच्या अण्णांचं शिंप्याचं दुकान होतं. मला मुलींना खेळ शिकवणारी शिक्षिका व्हायचं होतं. त्या कॉलेजचा फॉर्म मी आणून ठेवला होता आणि त्यावर वडिलांची सही लागत होती. अण्णांनी मात्र कराडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. ऋषिपंचमीला ती माणसं मला बघायला येणार होती.

“खेळ शिकवायला दम लागतो,” अण्णा कात्री चालवता चालवता म्हणाले होते. “पोरीच्या जातीला दम किती, ते मला ठाऊक आहे.”

“बघा तरी किती आहे तो.”

“बघतोच. दादाची सायकल घे. चार दिवसांत दीडशे मैल करून ये. मुक्काम आपल्याच नात्यात. वाटेत कुणाच्या गाडीत पाय ठेवायचा नाही आणि चौथ्या दिवशी दिवेलागणीच्या आत घरात पाहिजेस. आलीस तर सही करतो. नाही आलीस तर पंचमीला मुकाट्यानं पाटावर बसायचं.”

“खानापूरच्या चढावरनंच माघारी येतीय बघा,” दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, हसला. अण्णांनाही तसंच वाटत होतं, नाहीतर त्यांनी असली पैज लावली नसती. आईनं माझं माप घेतलं. अण्णा कापड आणायला बाहेरगावी गेले त्या दुपारी तिनं दुकानातल्या मशीनवर माझ्यासाठी पंजाबी ड्रेस शिवला आणि पैसे पडू नयेत म्हणून डाव्या खिशाला आतून दुहेरी टीप घातली, एवढंच.

तर मावशीला मी “हो” म्हणाले. तिची सासू ओसरीवर पत्री निवडत बसली होती. लग्नाच्या वयाची मुलगी, हरतालिकेचा दिवस, आणि ही म्हणणार मला भाकरी वाढा? म्हातारीनं दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड धाडलं असतं. मी मनाशी म्हटलं, वाटेत खाऊ काहीतरी. आदल्या दिवशी चाळीस-पंचेचाळीस मैल मारून आल्यावर अंग इतकं आंबलं होतं की रात्री दोन घास खाऊनच मी झोपले होते. ते मात्र हिशेबात धरलं नाही.

पहिले दहा-बारा मैल बरे गेले. मग वारा सुटला. भाद्रपदातला पश्चिमेचा वारा, आणि मला जायचं पश्चिमेलाच. दांडीची जड सायकल, खडबडीत रस्ता. चढ नसला तरी चढ चढल्यासारखं पेडल मारावं लागत होतं. एका गावच्या फाट्यावर चहाचं हॉटेल दिसलं, तशी मी उतरले.

“एक चहा द्या. आणि खायला काय आहे?”

हॉटेलवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं.

“च्या? आन् आज?” तो म्हणाला. “कुवार दिसताय की तुमी.”

मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, “कोण हाय वो?”

“अगं, भाईर ये! पोरगी हाय. कडक उपासाची सायकल हाणत आलीया!”

त्याची बायको बाहेर आली ती हळदी-कुंकवाचा करंडा घेऊनच. बाकड्यावरची माणसं सरकून बसली. “कुठनं आलीस, बाय?” “जतकडनं.” “अबब! आन् पानी बी न्हाई?” एक पागोटेवाला म्हातारा म्हणाला, “बघा, ह्याला म्हंत्यात निष्ठा. आमच्या सुना घरात बसून चक्कर आली म्हंत्यात.”

आता सांगायला हवं होतं. काकांनो, माझा उपास नाही, मला दोन भजी आणि चहा द्या. जीभ उचललीसुद्धा. पण सगळे इतक्या कौतुकानं बघत होते, की खरं सांगते, मला ते आवडलं. मी ताठ बसले. कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि निघाले. त्या कौतुकावर मी दोन मैल गेले. कौतुकात पोटाला धरेल असं काही नसतं.

गाव मागं पडल्यावर बाभळीच्या आड जाऊन मी कॅरिअरवरची बाटली काढली आणि चोरासारखी पाणी प्यायले. रिकाम्या पोटात ते पाणी डुचमळत राहिलं. पुढं दोन गावं लागली, पण दोन्हीकडं तेच. एका ठिकाणी दुकान बंद, दुसऱ्या ठिकाणी बायका पूजेची ताटं घेऊन ओढ्याकडं निघालेल्या. त्यांनी मला पाहिलं, आणि मी खाली मान घालून पेडल मारत राहिले.

दुपार झाली तेव्हा पायांत काही उरलं नव्हतं. दमणं मला माहीत होतं. हे दमणं नव्हतं. घाम गार येत होता. मैलाचा दगड दिसायचा, पण त्यावरचा आकडा वाचायला वेळ लागायचा. एक शेळी रस्त्यात आडवी उभी राहिली आणि हटेना, तर मला रडू कोसळलं. शेळीसमोर उभी राहून मी हुंदके देऊन रडले. मग नाक पुसलं आणि तिला हाकललं.

तेवढ्यात मागून एस.टी.चा भोंगा वाजला. गाडी माझ्या शेजारी येऊन हळू झाली आणि कंडक्टर दारातून वाकला.

“ओ सायकलवाल्या ताई! चढा वर. सायकल टपावर टाकतो.”

“नको.”

“अहो, विट्याची गाडी आहे!”

“म्हणूनच नको.”

“तोंड बघा आरशात. पांढरंफटक पडलंय. कुणाच्या तुम्ही?”

“विट्याच्या पोरे शिंप्यांची.”

खिडकीतून एकजण ओरडला, “अहो, तिचा उपास हाय कडक! मगाशी फाट्यावर सांगत हुते.”

कंडक्टरनं तोंडात बोट घातलं. “पाणी पण नाही?”

मी गप्प बसले. गप्प बसण्याचा जो अर्थ लोक काढतात तोच त्यानं काढला. “धन्य आहे बाबा,” असं म्हणून त्यानं दोनदा घंटी मारली. गाडी निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिच्याकडं बघत राहिले. एक शब्द बोलले असते तर तासाभरात घरी असते. आणि पंचमीला पाटावर.

पुढं एक ओढा होता. ओढ्याच्या उताराला पाय थांबवून सायकल सोडली. पलीकडच्या चढाला पेडल मारायला गेले, तर पाय खाली जाईचना. सायकल हळूच आडवी झाली आणि मीही. पडताना लागलं नाही, कारण पडणंसुद्धा जमेल तेवढ्याच वेगानं झालं.

डोळे उघडले तर आठ-दहा बायका माझ्याभोवती. वाळवंटात त्यांनी वाळूची पिंड केली होती, पत्री वाहिली होती. पूजा तशीच टाकून त्या धावत आल्या होत्या. एक तरुण सून, केस ओले, तांब्या घेऊन माझ्या तोंडाशी आली.

“पानी पाजू नगं गं!” मागून एक जाड आवाज. ती पाटलांची थोरली सून, सगळ्यांत पुढारी. शेवंताक्का म्हणत होत्या तिला. “उपास मोडंल पोरीचा. नुसतं डोळ्यास्नी लाव.”

“उपाशीपोटी पडली बिचारी,” दुसरी म्हणाली. “देवी हाय, देवी.”

“महादेवासारखा नवरा मिळंल बघ तुला, बाय,” शेवंताक्का माझ्या कपाळावर ओला हात ठेवत म्हणाली. “उठ. एवढा आजचा दिस काढ.”

त्या क्षणी माझ्या आत काहीतरी फिरलं. भुकेनं असेल, रागानं असेल. महादेवासारखा नवरा टाळायला मी दीडशे मैल निघाले होते, आणि त्याच नवऱ्यासाठी उपाशी मरायला आले होते! मी हाताच्या कोपरावर उठून बसले.

“मला उपास नाही,” मी म्हणाले. “मला भाकरी द्या.”

सुनेनं तांब्या खाली घेतला.

“तापात बोलतीया,” कुणीतरी पुटपुटलं.

“ताप नाही. भूक आहे. मी उपास धरलेला नाही. सकाळी मावशीशी खोटं बोलले, हॉटेलात गप्प बसले, एस.टी.त गप्प बसले. आता गप्प बसले तर घरी पोचत नाही. भाकरी द्या.”

शेवंताक्कानं हात मागं घेतला. “कुवार हाईस न्हवं?”

“आहे.”

“आन् आज खानार? आजच्या दिवशी जी खाती तिला नवरा लाभत न्हाई.”

“मला नवराच नको आहे, अक्का! मी त्यासाठीच चाललेय.”

ती तरुण सून तोंडाला पदर लावून फिसकन हसली. शेवंताक्कानं तिच्याकडं असं बघितलं की हसू जागच्या जागी विरलं.

“घ्या! नवरा नगं म्हनं. मग काय करनार जल्मभर?”

“पोरींना पळायला शिकवणार.”

“पळायला?” शेवंताक्का खरोखरच गोंधळली. “कुनाच्या मागं?”

वाळवंटाच्या कडेला, पूजेपासून लांब, एक म्हातारी एकटीच बसली होती. पांढऱ्या कपाळाची, अंगावर विटका आडवा पदर. बायकांच्या चपला राखायला तिला बसवलेलं. ती उठली, गुडघ्यावर हात टेकत टेकत आली आणि काखेतलं फडकं सोडू लागली.

“ठकुआत्ती, काय करताय?” शेवंताक्का म्हणाली.

“भाकरी मागतीया न्हवं ती? ल्योकाला रानात न्यायची हुती. ल्योक थांबंल. हिला थांबाय जमंल असं दिसंना.”

“अवो, तुमच्या हातनं उपास मोडायचा तिचा!”

“तिनं धरलाच न्हाई, तर मोडंल कुठनं?” ठकुआत्तीनं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं. मग शेवंताक्काकडं वळून, अगदी साध्या आवाजात, जशी पावसापाण्याची चौकशी करावी तशी म्हणाली, “म्या धरलं अकरा. पानी बी घ्यायची न्हाई. बाराव्याच्या आदल्या म्हयन्यात कुकू गेलं. तवापास्नं तुमी मला पिंडीला हात लावू देत न्हाई. मग आता ह्या पोरीला भाकरी देन्यात माझं काय जानार हाय, तेवडं सांगा.”

शेवंताक्कानं पदर सावरला आणि पाठ फिरवली. सगळ्या बायका हळूहळू पिंडीकडं गेल्या. ती ओल्या केसांची सून मात्र दोन पावलं जाऊन थांबली. तिनं तांब्या माझ्याजवळ ठेवला, भाकरीकडं एकदा बघितलं आणि पळाली.

मी खाल्लं. कसं खाल्लं ते सांगायची सोय नाही. ठकुआत्ती समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मधेच म्हणत होती, “चावून. चावून खा. कुनी हिसकून घेत न्हाई.” अख्ख्या दोन भाकरी मी संपवल्या. मग तिनं मला वाळूत आडवं व्हायला लावलं. सावली हातभर सरकेपर्यंत मी पडून होते. उठले तेव्हा आकडे पुन्हा आकड्यांसारखे दिसू लागले होते आणि पाय माझे होते.

“आत्ती, तुमचं पुरं नाव काय म्हणून सांगू?”

“कुनाला सांगतीस? जा. दिस कलाय लागला.”

पुढचे अठरा मैल मी मारले. वारा तोच होता, रस्ता तोच होता. शेवटच्या तीन मैलांत चेन दोनदा उतरली. हात काळे झाले, ते ड्रेसला पुसले. विट्याच्या वेशीत शिरले तेव्हा दुकानांतले दिवे अजून लागायचे होते.

आमच्या दुकानापुढं गर्दी होती. वाटलं, घरात काही वाईट घडलं. पण मला बघताच लोकांनी वाट करून दिली आणि शेजारच्या सोनारकाकू पुढं आल्या, आरतीचं ताट घेऊन.

“आली! निर्जळी उपासाची पन्नास मैल आली!”

तो कंडक्टर. त्यानं स्टँडवर सांगितलं, स्टँडनं पेठेला सांगितलं आणि पेठेनं अण्णांना. अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. डोळे भरलेले.

“बघताय ना?” ते सगळ्यांना सांगत होते. “मी म्हणत होतो, पोरीच्या जातीला दम नसतो. पण हा दम तिचा नाहीच. हे व्रताचं बळ! पोटात पाण्याचा थेंब नाही आणि पन्नास मैल. दादा, आण तो फॉर्म. आत्ता सही करतो, सगळ्यांदेखत.”

दादानं फॉर्म आणला. अण्णांनी कापड कापायच्या फळीवर तो पसरला, पेनाचं टोपण काढलं. काकूंनी मला ओवाळलं. एक म्हातारी माझ्या पायाशी वाकू लागली, तिला मी धरून उठवलं.

फक्त गप्प बसायचं होतं. दिवसभर तेच तर केलं होतं, निम्मा दिवस तरी. दहा-बारा अक्षरांची सही, मग मी मोकळी. पण मला दिसत होतं, उद्या मी शिकवायला उभी राहीन आणि अण्णा सगळ्या पेठेला सांगत राहतील की आमच्या पोरीचा दम तिचा नव्हे. आणि ती म्हातारी, फडकं सोडणारी, तिची तर कुणाला आठवणच राहणार नाही.

“अण्णा, माझा उपास नव्हता.”

पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथंच थांबलं.

“काय म्हणालीस?”

“उपास नव्हता. सकाळपासून उपाशी होते म्हणून वाटेत पडले. मग एका आत्तींनी भाकरी दिली. दोन खाल्ल्या. त्या भाकरीवर आले मी. व्रताच्या बळावर नाही.”

“अगं, गप बस,” सोनारकाकू माझा दंड दाबत कुजबुजल्या. “चुकून खाल्लं म्हण. क्षमा माग.”

“चुकून नाही, काकू. मागून खाल्लं.”

गर्दी मागं सरकली. आरतीचं ताट कुणीतरी खाली ठेवलं. अण्णांनी पेनाला टोपण लावलं, अगदी सावकाश, फिरवून फिरवून.

“चारचौघांत माझं तोंड काळं केलंस,” ते म्हणाले. “दादा, कराडकरांना निरोप धाड. पंचमीला या म्हणावं.”

“अट सायकलीची होती, अण्णा! उपासाची नव्हती. गाडीत पाय ठेवला नाही, दिवे लागायच्या आत आले.”

“तोंड वर करून—”

“ती बरोबर बोलतेय.”

आई. दुकानाच्या मागच्या दारात उभी. सकाळपासून निर्जळी, ओठ सुकून पांढरे पडलेले. लग्न झाल्यापासूनच्या सव्वीस हरतालिका तिनं अशाच काढल्या होत्या. अण्णांच्या दीर्घायुष्यासाठी. तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता.

“तू आत जा,” अण्णा म्हणाले.

“जाते. सही करा.”

“आत जा म्हटलं ना!”

आईनं तांब्या उचलला. गर्दीतल्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास घेतला, तो मला ऐकू आला.

“तुम्ही शब्द दिलाय,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तो मोडणार असाल तर मी पण मोडते. आत्ता. ह्या सगळ्यांदेखत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मग तुमचं तुम्ही बघा.”

तांब्याची कड तिच्या ओठाला लागली.

अण्णा देव मानणारे होते, आणि मरणाला फार भ्यायचे. त्यांनी टोपण काढलं. सही वाकडी आली. पुढं कॉलेजच्या कारकुनानं ती दोनदा निरखून पाहिली. सही झाली तसं ते पेन तिथंच टाकून दुकानाबाहेर निघून गेले आणि गर्दीही पांगली.

आईनं तांब्या खाली ठेवला. ती प्यायली नाही.

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ती भिंतीला टेकून बसली, मी तिच्या शेजारी. मग तिनं हळूच विचारलं,

“ज्वारीची होती का बाजरीची?”

“बाजरीची.”

“कोरड्यास काय होतं?” आमच्याकडं भाकरीबरोबर जे काही कालवण-भाजी असेल त्याला कोरड्यास म्हणतात.

“हुलग्याची उसळ. आणि लसणाची चटणी.”

“चटणीवर तेल होतं?”

“होतं.”

आईनं सुक्या ओठांवरून जीभ फिरवली. डोळे मिटून तिनं डोकं भिंतीला टेकवलं.

“मग बरोबर,” ती म्हणाली. “येणारच पन्नास मैल.”